दारामागचा रूळ

सरांच्या घरी चप्पल काढून आत जाणं धोक्याचं होतं. आपण सोफ्यावर टेकतो न टेकतो तोच सर बाहेर जाऊन आपली चप्पल उलटी करून बघत आणि आत येऊन शांतपणे विचारत, "डावी टाच बाहेरच्या अंगानं झिजलीय. गुडघा दुखतो काय?" ज्याचा दुखत नसे त्याचा दुसऱ्या दिवसापासून दुखायला लागे.

माझ्या धाकट्या बहिणीला बघायला पाहुणे यायचे होते. घरात एक तरी शिकलेला माणूस बसलेला दिसावा म्हणून आईनं सरांना बोलावलं. मी घरातच होतो, पण त्या हिशेबात माझी गणना होत नसे. आईनं दारातच बजावलं, "सर, आज चपला बघायच्या न्हाईत." सरांनी मान डोलावली आणि पाहुणे उठेपर्यंत खुर्ची सोडली नाही. पाहुण्यांची गाडी वळणाआड गेल्यावर म्हणाले, "आक्का, देऊन टाका मुलगी. दोन्ही टाचा सारख्या झिजल्यात."

"म्हंजे बघितलं व्हय शेवटी?"

"मी कुठं बघितलं? पायऱ्या चढताना मुलानंच पाय उचलले."

बहिणीचं उत्तम चाललंय. नवऱ्याशी वाजलं की मात्र ती फोनवर पहिलं वाक्य हेच टाकते, "तुमच्या सरांना सांग, टाचा सोडून बाकीचं बी बघत जा म्हणावं."

सर बेळगावातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात धातू शिकवत. पण त्यांचा जीव एकाच धातूच्या एकाच आकारात अडकला होता, तो म्हणजे रेल्वेचा रूळ. तोही सगळा नाही. चाक जिथं टेकतं ती वरची चकाकणारी पट्टी तेवढी. आणि माणूस मूळचा कुठला, तर निपाणीचा. निपाणीत तंबाखू आहे, हमरस्ता आहे, राजकारण तर वाटेल तेवढं आहे. नाही ती फक्त रेल्वे. लहानपणी बेळगावला लग्नाला आले असताना तिसऱ्या रेल्वे गेटवर त्यांची गाडी अडली. समोरून आगगाडी गेली आणि सरांनी वडिलांना विचारलं, "रूळ वर चांदीसारखा आणि बाजूला गंजका, असं का?" वडील म्हणाले, "गप बस." ही गोष्ट सांगून झाली की सर म्हणत, "तेव्हापासून बसलोय. पण गप न्हाय."

त्यांच्या घराचं पुढचं दार वाऱ्यानं सारखं आपटायचं. म्हणून दारामागं त्यांनी रुळाचा हातभर तुकडा ठेवला होता. रेल्वेकडं अर्जावर अर्ज करून खानापूरच्या पुढल्या वळणावरचा एक मोडीत निघालेला रूळ त्यांनी रीतसर मिळवला होता; त्याचा हा अर्धा भाग. येणाऱ्याजाणाऱ्याला त्यावर हात ठेवावाच लागे. "कडेला बोट फिरवा. ओठ लागतोय? तो कुणी केलेला नाही. वरचं पोलाद चाकाखाली सरकत सरकत कडेला आलंय." वहिनी, म्हणजे सरांच्या बायको, त्या तुकड्याला 'थोरली सवत' म्हणत आणि रोज सकाळी फडक्यानं पुसतही.

गेट पडलं की सगळं बेळगाव शिव्या घालतं. सर स्कूटर स्टँडवर लावून पुढं जाऊन उभे राहत. गाडी गेली, गेट उघडलं, मागं हॉर्नचा गदारोळ सुरू झाला, की सर खाली वाकून रुळाला तळहात लावत. गेटमन ओरडे, "सर, बेगा बेगा! लौकर! मागं बस थांबलीय!" तिसऱ्या गेटवर उड्डाणपूल झाला तेव्हा गाव खूश झालं. सर वळसा घालून दुसऱ्या गेटानं जायला लागले.

कॉलेजात मी त्यांचा विद्यार्थी होतो आणि त्यांनी मला त्यांच्याच विषयात नापास केलं होतं. माझ्या उत्तरपत्रिकेवर त्यांनी लिहिलं होतं, 'अक्षर चांगले.' पुढं मी वडिलांचं, आप्पांचं, गावाबाहेरच्या मच्छेतलं लेथचं वर्कशॉप सांभाळायला लागलो, म्हणजे वर्कशॉप मला सांभाळायला लागलं. एक दिवस सर दारात हजर. "मालक, शेडचा एक कोपरा द्या." त्या दिवसापासून ते मला मालक म्हणत. सगळ्या जगात मला मालक म्हणणारे तेवढे एकच. बायको अजून एवढ्या थराला गेलेली नाही.

कोपरा हवा होता त्यांच्या यंत्रासाठी. कॉलेजातल्या ज्या खोलीत ते होतं तिथं आता कॉम्प्युटर येणार होते. यंत्र साधंच होतं. पोलादाच्या दोन चकत्या कडेला कड लावून एकमेकींवर फिरायच्या, मागून एक दणकट स्प्रिंग त्यांना दाबून धरायची. एक चकती दारामागच्या रुळाच्या दुसऱ्या अर्ध्या भागातून काढलेली, दुसरी चाकाच्या पोलादाची. दुसरी जराशी जास्त वेगानं फिरायची, कारण खरं चाकही रुळावरून नुसतं गडगडत नाही, किंचित घसरतं. आणि हे सगळं कोरडं. त्यामुळं यंत्र असं किंचाळायचं की शेजारच्या फाउंड्रीतली माणसं कोण मेलं बघायला आली होती.

यावर सर डॉक्टरेट करत होते. नाव कधी नोंदवलं होतं ते त्यांनाच ठाऊक. विद्यापीठानं दिलेली मुदतवाढ आता शेवटची होती, आणि मे अखेर सर निवृत्त होणार होते. मार्गदर्शक होता त्यांचाच एक जुना विद्यार्थी. तो सरांना 'सर' म्हणे आणि सर त्याला 'सर' म्हणत. तिसरा कुणी खोलीत असला तर त्याची पंचाईत व्हायची. कॉलेजात चेष्टा चाले, की सर आधी झिजतात का रूळ. सर ती ऐकत आणि म्हणत, "माझी काळजी नको. मी थोडा थोडा रोज झिजतो."

हे त्यांचं लाडकं तत्त्व होतं. ते त्यांनी आईच्या स्वयंपाकघरात, ती चपात्या लाटत असताना मला समजावलं होतं. वर्गात समजलं नव्हतं ते तिथं समजलं. "एवढा अवजड डबा, पण चाक टेकतं किती जागेवर? नखाएवढ्या. तेवढ्यावर सगळा भार. मग पोलाद आक्कांच्या कणकेगत पसरतं. फरक एवढाच, की कणीक मऊ राहते, पोलाद मार खाऊन खाऊन निबर होतं. प्रत्येक चाक त्याला त्याच दिशेला कणभर ढकलतं आणि ते परत जागेवर येत नाही. सोसवेनासं झालं की बारीक चिरा पडतात. आता ऐका मालक, रूळ झिजत असला तर चिरेबरोबर वरचा थरही जातो. चीर वाढायच्या आत पुसली जाते. म्हणून झिजणाऱ्या रुळाची भीती नाही. जो झिजत नाही आणि गप्प असतो, त्याच्यावर नजर ठेवायची."

आई लाटणं थांबवून म्हणाली, "म्हंजे आमच्या जावेगत."

एकदा त्यांना कोल्हापूरच्या एका कॉलेजात भाषणाला बोलावलं होतं. सोबत दारामागचा रूळ हवाच. तो माझ्या गाडीत मागच्या सीटवर चादर पांघरून निजवला आणि आम्ही निघालो. निवडणुकांचे दिवस. राज्याच्या सीमेवर कोगनोळीला तपासणीसाठी गाडी थांबवली. पोलिसानं चादर उचलली, रुळाकडं बघितलं, मग आमच्याकडं. "एनू इदु?" हे काय?

"कंबी," सर कन्नडमध्ये अभिमानानं म्हणाले. रूळ.

"रेल्वेचा? कुठनं काढला?"

कागद सरांच्या खिशात होता. तो दाखवला की आम्ही सुटलो असतो. पण सरांनी पोलिसाचा हात धरून रुळाच्या कडेवर ठेवला. "आधी हे बघा. ओठ लागतोय?" मग कन्नड-मराठीत चाकाची गोष्ट सुरू झाली. दुसरा पोलीस आला, त्याचाही हात लावून झाला. मागच्या गाड्या खोळंबल्या. मी म्हणालो, "सर, कागद दाखवा हो." ते म्हणाले, "त्यांनी प्रश्न विचारलाय मालक. उत्तर पुरं होऊ दे." शेवटी साहेबच आले आणि हात जोडून म्हणाले, "होगी सर, होगी. घेऊन जावा ते." कागद कुणी बघितलाच नाही.

त्या वर्षी दसरा आला तेव्हा सरांची महत्त्वाची चाचणी सुरू होती. ते चकत्यांची कोरडी झीज मोजत होते, आणि प्रबंधाचा सगळा भार त्या आकड्यांवर होता. खंडेनवमीला मच्छेत सगळी यंत्रं बंद असतात. धुवायची, तेल द्यायचं, झेंडूची माळ घालायची. सर यंत्र थांबवायला तयार नव्हते. आईनं ऐकलं नाही. "त्याला बी एक दिस सुट्टी द्या की सर. माणूस हाय का कोण?" सरांनी यंत्र थांबवलं, चकत्या पुसून घेतल्या, वर स्वच्छ धुतलेलं फडकं टाकलं आणि सणाला निपाणीला गेले. जाताना मला सांगितलं, "फुलं चालतील. कुंकू लांबून." मी तो निरोप आईला सांगितला. आई "व्हय व्हय" म्हणाली. आमच्या घरात त्याचा अर्थ ऐकलं असा होत नाही.

पूजा करत करत ती त्या कोपऱ्यात पोचली आणि फडकं उचललं. सगळी यंत्रं तेलानं चकचकीत, आणि हे एकटंच भुरकट, कोरडं. "अगं बाई. कुणी तेलाचा थेंब दिलेला न्हाय ह्याला. वरडंल न्हाय तर काय करंल?" तिनं पूजेच्या पिशवीतून बाटली काढली, तळहातावर तेल घेतलं आणि लहान पोराच्या टाळूला चोळावं तसं दोन्ही चकत्यांना चोळलं. मग मुहूर्त म्हणून प्रत्येक यंत्र क्षणभर चालू करायचं असतं, तसं हेही चालू करायला लावलं.

यंत्र ओरडलं नाही. नुसतं फिरत राहिलं, मांजर गुरगुरावं तसं. आईचा चेहरा काय फुलला होता. प्रसाद झाला, कोहळा फुटला, जेवणं झाली. एरवी त्याचं किंचाळणं थांबवायला कुणीतरी हमखास धावलं असतं. आता ते गप्प होतं, म्हणून कुणाच्या ध्यानातच राहिलं नाही. शेडला कुलूप लागलं. आत ते फिरतच राहिलं.

दसरा उलटल्यावर सर आले, मी कुलूप काढलं. सर दारातच थांबले. "मालक, चालू आहे आणि गप्प आहे?"

यंत्र बंद केलं. रुळाच्या चकतीवरून पोलादाचे पापुद्रे सुटले होते, कांद्याची साल निघावी तसे. आई डबा घेऊन आली होती. तिला एकदम सगळं उमजलं. "सर, वाटोळं केलं काय मी?"

सर खाली बसून भिंगातून चकती बघत होते. मग म्हणाले, "आक्का, तेल किती घातलं?"

"तळव्यात मावंल तेवढं."

त्यांनी परीक्षानळी आणली. आईला हात पुढं करायला लावला, तळव्यात पाणी ओतलं, परत नळीत घेतलं आणि आकडा लिहिला. आईच्या हातात देवाच्या तीर्थानंतर एवढ्या गंभीरपणे पाणी कुणी घातलं नसेल. मग त्यांनी पूजेची बाटली उचलली, चिठ्ठी वाचली. खोबरेल. तेही लिहिलं.

मार्गदर्शक धावत आला. "सर, ही चकती विसरा. रुळाचं पोलाद अजून एका चकतीपुरतं आहे. कोरडी चाचणी परत करू, वेळेत बसेल."

"विसरू कशी?" सर म्हणाले. "कोरडं चालताना चिरा पडत होत्या आणि झिजेबरोबर जात होत्या. तेल आलं, झीज थांबली, चिरा राहिल्या. वर त्यांत तेल शिरलं. चाकानं तोंड दाबलं की आतलं तेल जाणार कुठं? ते चिरेला आणखी खोल फाडणार. एवढी मोठी गोष्ट समोर आलीय, आणि मी झीज मोजत बसू?"

"पण हे अपघातानं झालंय. एकदाच."

"म्हणून तर परत करायचं. मुद्दाम."

उरलेल्या शेवटच्या चकतीवर त्यांनी डाव लावला. कॉलेज सुटलं की स्कूटर मच्छेला. कानात कापूस घालून ते यंत्राजवळ बसत, उत्तरपत्रिका तपासत. सगळा हिवाळा यंत्र किंचाळलं. माझी दोन माणसं फाउंड्रीत लागली, तिथं शांतता असते म्हणाली. मग एका दिवशी सरांनी नवं खोबरेल आणलं, आईच्या तळव्याएवढं मोजून घातलं. आई तेव्हा बहिणीच्या बाळंतपणाला कणकुंबीकडं गेली होती. यंत्र गप्प झालं, आणि पापुद्रे परत आले. सर उठून माझ्याशी हात मिळवायला आले आणि कानातला कापूस न काढताच ओरडले, "मालक! आले!"

तोंडी परीक्षेला सरांनी आईला आग्रहानं बोलावलं. ती इरकल नेसून पहिल्या रांगेत बसली. परीक्षक पुण्याचे, वयस्क, हसरे. प्रबंध चाळत त्यांनी विचारलं, "इथं लिहिलंय, पहिल्या वेळी खोबरेल तेल एका गृहिणीनं पूजेत लावलं. त्या आल्यात का?"

आई उभी राहिली. "मीच ती. पर खोबरेल न्हाय ओ सर."

परीक्षकांनी प्रबंधातली ती ओळ परत वाचली.

"बाटली तेवढी खोबरेलाची. आत शेंगतेल हुतं, दिव्याचं. खोबरेल केसाला लावत्यात, यंत्राला कशाला घालीन?"

बेळगावात काय, कुठल्याच घरात बाटलीत चिठ्ठीवरची वस्तू नसते हे आम्हाला जन्मापासून माहीत. सरांनी तळवा मोजला, वजन मोजलं, फेरे मोजले. बाटलीचा वास तेवढा घेतला नाही.

परीक्षकांना हसू आवरेना. "बसा बाई. असू दे. तेल ते तेल. काय सर, फार फरक पडत नसेल ना?"

मार्गदर्शक मागून मान हलवून खुणावत होता, नाही म्हणा, नाही म्हणा. मीही मनातल्या मनात तेच म्हणत होतो. एका 'नाही'वर त्या माणसाचं सगळं आयुष्य गेटपलीकडं जाणार होतं. सर फळ्यापाशी उभे होते. कोटाचं बटण चुकीच्या काजात गेलेलं.

"माहीत नाही," ते म्हणाले. "तेलाच्या दाटपणानं फरक पडू शकतो. तोच प्रयोग परत केला, असं मी लिहिलंय. ते चूक आहे. मी केला तो दुसरा प्रयोग."

परीक्षकांचं हसू गेलं. त्यांनी चष्मा काढून ठेवला. बाहेर चर्चा करून आल्यावर सांगितलं, की पदवीची शिफारस करतो, पण ते वाक्य काढून टाका. दुरुस्तीला महिन्याची मुदत. एक ओळ खोडायची होती. मार्गदर्शकानं खिशातून पेन काढलंसुद्धा.

"काढणार नाही," सर म्हणाले. "खरं करून लिहितो."

"कशावर करणार सर? पोलाद संपलं!"

दुसऱ्या दिवशी सकाळी सरांची स्कूटर शेडसमोर थांबली. पायापाशी पोत्यात काहीतरी जड होतं. मी आणि आमचा एक माणूस उतरवायला गेलो आणि पोतं बाजूला सरकलं. तोच ओठ आलेला माथा. दारामागचा रूळ.

"सर, हा?"

"एकाच रुळाचे दोन भाग ना? मग पोलाद तेच. माथ्याच्या आतून चकती काढा, वरचं दमलेलं पोलाद नको."

"वहिनी काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, सवत नांदून गेली." ते त्या ओठावरून बोट फिरवत होते, येणाऱ्याजाणाऱ्याला फिरवायला लावत तसं. मग हात काढून घेतला. "कापा, मालक. वेळ कमी आहे."

मी मालक, म्हणून कापायचं मलाच होतं. करवत लागली आणि ठिणग्या उडायला लागल्या तेव्हा मी सरांकडं बघितलं नाही. लेथवर चकती घेतली. आयुष्यात मी एवढं नीट काम आधी केलं नव्हतं आणि नंतरही नाही. सरांनी मापं घेतली आणि काहीच बोलले नाहीत. आमच्यात याला पहिला वर्ग म्हणायचं.

यावेळी सरांनी कॉलेजातून रजा काढली. यंत्र पुन्हा किंचाळलं, दिवसच्या दिवस. तेलाची वेळ आली तेव्हा आई बाटली घेऊन आली. सरांनी बूच काढलं, वास घेतला. आईला दिली, तिनं घेतला. मग माझ्याकडं आली. मीही घेतला.

"शेंगतेल," आई म्हणाली.

"शेंगतेल," सर म्हणाले, आणि तिच्याच हातानं लावायला लावलं.

आवाज बंद झाला. माणसांनी सवयीनं सुटकेचा श्वास टाकला आणि ती चहाला निघाली. सर जागेवरून हलले नाहीत. "आता कुणी विसरायचं नाही," म्हणाले आणि गप्प झालेल्या यंत्राकडं बघत बसले. आई शेजारी पोत्यावर बसून पावटे सोलायला लागली.

पापुद्रे आले. थोडे उशिरा आले, हेही सरांनी लिहिलं. ओळ खोडली गेली नाही, तिच्यामागं दोन नवी पानं आली. निवृत्तीच्या आधल्या आठवड्यात पदवीचं कळलं. कॉलेजनं निरोप समारंभात त्यांच्या नावाआधी डॉक्टर लावलं, तेव्हा सरांनी मागं वळून बघितलं, कोण आलंय म्हणून.

परवा त्यांच्या घरी गेलो होतो. चप्पल काढली, बसलो, सर बाहेर जाऊन आले. "मालक, टाचा झिजायला लागल्यात तुमच्या. चांगलंय." बाहेर वारा सुटला होता. दार धाडकन आपटलं. वहिनी आतून म्हणाल्या, "अहो, काहीतरी लावा त्या दाराला."

"आपटू दे," सर म्हणाले.